आरएक्सची ऑइल टाकी हळूहळू गळते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे सोलापुरात आज धावणारी सगळ्यात नवी आरएक्स १००सुद्धा पंचविशी ओलांडून गेलेली आहे. एवढ्या वर्षांत इंजिनाचं काम दोन-तीनदा होतं, रंग होतो, सीट नवीन चढते. साइड पॅनेलमागची ऑइल टाकी, तिची नळी आणि दोन वॉशर मात्र बहुतेक गाड्यांना पहिल्यापासूनचेच असतात. गळती तिथूनच सुरू होते. खालचे प्रश्न मुख्यतः आरएक्सवाल्यांचे आहेत. बुलेटवाल्यांचाही एक प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

ऑइल टाकी म्हणजे नेमकी कुठली? गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं का?

हो, पूर्ण वेगळं. आरएक्समध्ये दोन ऑइलं असतात. गिअर आणि क्लचचं ऑइल खाली इंजिनच्या पोटात असतं आणि ते ड्रेन बोल्ट काढून बदलतात. दुसरं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठीचं ऑइल. ते साइड पॅनेलमागच्या प्लास्टिकच्या टाकीत असतं, तिथून रबरी नळीने आपल्या वजनानेच खाली ऑइल पंपाकडे उतरतं, आणि पंप ते बारीक नळीतून इंजिनात जाणाऱ्या पेट्रोल-हवेत सोडतो. पिस्टन, रिंगा आणि क्रँकचे बेअरिंग यांना जे काही वंगण मिळतं ते एवढंच. जुन्या टू-स्ट्रोक जावा, येझदीला अशी टाकीच नसते, त्यात ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच घालावं लागतं.

थेंब-थेंबच गळतंय. रोज थोडं वरून घालत राहिलं तर चालेल ना?

"जुन्या गाडीला एवढं गळतंयच की," असं अनेक मेस्त्री सांगतात, आणि गिऱ्हाईकही खर्च वाचला म्हणून खूश होतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. गिअरबॉक्सचं ऑइल थोडं झिरपलं तर फार तर अंगणात डाग पडतो. टू-टीची टाकी रिकामी झाली तर गाडी चालू असतानाच पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. पुणे हायवेला ऐंशीच्या वेगात हे झालं तर प्रश्न बोअरिंगच्या (सिलिंडर आतून पुन्हा घासून घेण्याच्या) खर्चाचा राहत नाही. तसं कधी जाणवलं तर त्याच क्षणी क्लच दाबून धरायचा, हे घरात ही गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट, हळू गळती कायम हळू राहत नाही. कडक झालेली नळी आज पाझरते आणि एखाद्या खड्ड्यात निपलवरून (नळी चढवायच्या तोंडावरून) पूर्ण निसटते. रोज वरून घालायची सवय असेल तर त्या दिवशी टाकी कधी संपली हे कळतसुद्धा नाही.

गळती टाकीचीच आहे हे कसं ओळखायचं? खाली सगळंच काळं दिसतंय.

इथे घाई करू नका, कारण गळतीच्या दुरुस्तीत खरं काम हेच आहे. ऑइल जिथे टपकताना दिसतं तिथून ते निघालेलं नसतं. ते वरून फ्रेमच्या पाइपवरून, नळीवरून, केबलवरून घसरत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब होऊन पडतं. थेंब क्लच कव्हरखाली पडला म्हणून क्लच कव्हरचं पॅकिंग बदललं आणि गळती तशीच राहिली, असं सारखं होतं.

पहिल्यांदा धुवायच्या आधी बघा. आपल्याकडची धूळ इथे मदतीला येते. ऑइल जिथून निघतं तिथून खाली काळा चिकट थर जमलेला असतो, पण त्या जागेच्या वर कोरडी धूळ असते. त्या काळ्या थराची वरची कड शोधा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

मग साइड पॅनेल काढा. टाकी, नळी, पंपाचं झाकण आणि आसपासचा भाग रॉकेल किंवा डिझेलने ब्रश मारून साफ करा, नंतर साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. कोरड्या भागावर टाल्कम पावडर किंवा खडूची बारीक पूड भुरभुरा. टाकीत बाहेरून दिसेल तिथे ऑइलच्या पातळीवर चिकटपट्टीची एक पट्टी लावा. गाडी मेन स्टँडवर, खाली वर्तमानपत्र, आणि रात्रभर इंजिन चालू करायचं नाही. सकाळी पावडरवर ऑइलची ओली रेघ दिसेल. रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

रात्रभर उभ्या गाडीत रेघ उमटली तर दोष टाकी, तिच्या तळाचं रबर, नळी किंवा पंपाच्या आत येणाऱ्या जोडात आहे. रात्री काहीच नाही, पण इंजिन दहा मिनिटं चालवल्यावर ओलं झालं, तर पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी बारीक नळी आणि तिचे वॉशर तपासा. कारण त्या बाजूला पंप चालू असतानाच दाब येतो.

कागदावरच्या डागाचा रंगही बघा. टू-टी ऑइलला कंपनीने बहुधा निळा, हिरवा किंवा लाल रंग घातलेला असतो. गिअरबॉक्सचं जुनं ऑइल तपकिरी-काळं आणि जळकट वासाचं असतं. पेट्रोल असेल तर डाग थोड्या वेळात उडून जातो. इंजिनच्या स्प्रॉकेटजवळ, चेनच्या बाजूला काळं दिसत असेल तर ते बहुतेक गिअरबॉक्सच्या सीलचं किंवा चेनला मारलेल्या ऑइलचं असतं. त्यात टाकीचा दोष नाही.

जमिनीवर डाग नाही, पण टाकीतलं ऑइल कमी होतं. हे कुठे जातं?

आधी हे बघा की तेवढं कमी होणं नेहमीचंच तर नाही. ही गाडी ऑइल जाळूनच चालते, त्यामुळे पातळी उतरणारच. मात्र गाडी नुसती उभी असताना पट्टीच्या खाली पातळी गेली तर ऑइल आतल्या आत झिरपतंय. दोन वाटा असतात. एक म्हणजे पंपाच्या पुढच्या नॉझलमध्ये बारीक गोळी आणि स्प्रिंगचा एकेरी व्हॉल्व असतो, तो कचऱ्याने उघडा राहिला की ऑइल इंजिनात उतरत राहतं. खूण अशी, की चार दिवसांनी किक मारल्यावर प्लग ओला निघतो आणि गल्लीभर पांढरा धूर होतो. दुसरी म्हणजे पंपाच्या शाफ्टचं सील झिजलं की टू-टी ऑइल क्लच कव्हरमध्ये, तिथून गिअरबॉक्समध्ये जातं. गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी न घालता वाढत असेल तर हेच समजा.

नॉझल पेट्रोलने धुऊन, हलकी हवा मारून बऱ्याचदा सुटतो. पंपाचं सील बदलणं हे मात्र हात बसलेल्या मेस्त्रींचं काम आहे. ते घरी उघडू नका.

मे महिन्यात गळते आणि थंडीत बंद होते. असं का?

सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात लावलेल्या गाडीचं पॅनेल हात लावू देत नाही, आणि आतलं ऑइल पातळ होतं. थंडीत ज्या फटीत ते अडून राहायचं, तिथून आता वाट काढतं. म्हणजे गळती बारा महिने आहेच, ती दिसते उन्हाळ्यात.

पण अजून एक शक्यता तपासा. टाकी गळ्यापर्यंत भरली असेल तर तापल्यावर ऑइल फुगतं आणि हवेच्या भोकातून बाहेर येतं. साइड स्टँडवर गाडी कलती असेल तर जास्तच. ही गळती नव्हेच. झाकणाखाली दोन बोटं जागा सोडून भरा. आणि ते हवेचं भोक एम-सीलने बुजवू नका, धुळीनेही बुजू देऊ नका. भोक बंद झालं तर वरून हवा आत येत नाही, टाकीत पोकळी धरते आणि पंपाकडे ऑइल उतरायचं थांबतं.

नळी खराब आहे. कुठली घ्यावी आणि कशी बसवावी?

गळतीचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच, आणि सगळ्यात स्वस्तही. नळी बोटांनी दाबा. नरम राहून परत उसळली तर ठीक, लाकडासारखी कडक लागली किंवा टोकाला बारीक चिरा दिसल्या तर बदला. ऑइल-पेट्रोलला टिकणाऱ्या काळ्या नायट्राइल रबराची नळी मागा. दुकानात फुटावर मिळणारी पारदर्शक नळी दिसायला चांगली आणि आतले बुडबुडेही दिसतात, पण उष्णतेने काही महिन्यांत ताठ होऊन निपलवर ढिली पडते. मी ती फक्त हवा काढताना तपासणीपुरती वापरतो.

आतला व्यास निपलला घट्ट बसणारा हवा. सैल नळी क्लिप आवळून बसवू नका. क्लिप मूळची तारेची स्प्रिंग क्लिपच घाला. बाइंडिंग तार पिळली की ती रबर कापते. प्लास्टिकची टाय एका बाजूने दाबते, दुसरीकडे फट राहते. नळीची लांबी जुन्याएवढीच ठेवा. लांब झाली तर ती खाली लोंबून पुन्हा वर चढते आणि त्या वळणात हवा अडकते. गरम सायलेन्सरला किंवा सिलिंडरला टेकणार नाही असा रस्ता द्या.

टाकीच्या तळाशी ज्या जागी निपल रबरी ग्रोमेटमध्ये बसवलेलं असतं, तिथलं रबरही त्याच वेळी नवीन टाका. जुनं काढून परत बसवलं तर ते पुन्हा तसं धरत नाही.

पंपाजवळच्या बोल्टातून ओलं दिसतं. अजून आवळू का?

नको. पंपाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, आटे मऊ आहेत. जास्त आवळलं की आटे निघतात आणि वीस रुपयांच्या वॉशरपायी पंप बदलायची वेळ येते. तिथे भोक असलेल्या बोल्टाच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर असतो. तो एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दोन्ही नवे घाला. तांब्याचा वॉशर असेल आणि लगेच मिळत नसेल तर तोच गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून थंड करा. तांबं परत मऊ होतं आणि वॉशर पुन्हा धरतो. फायबरच्या वॉशरला हा उपाय नाही.

टाकीलाच चीर गेली आहे. एम-सील किंवा फेविक्विक चालेल?

प्लास्टिकच्या टाकीला नाही. या टाक्या बहुधा पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या असतात. या प्लास्टिकला कुठलाही नेहमीचा गोंद चिकटत नाही, वर ते वर्षानुवर्षं ऑइल पिऊन बसलेलं असतं. एम-सील दोन दिवस धरतं, मग अख्खी वडी सुटून हातात येते. टाकीच्या मागे इंग्रजीत पीई किंवा पीपी कोरलेलं आहे का बघा. असेल तर गोंदाचा विचारच सोडा.

यावर प्लास्टिक वेल्डिंग हा खरा उपाय आहे. गाड्यांचे फुटलेले बंपर जोडणारे कारागीर हे काम करतात. त्यांच्याकडे नेण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा आणि साबणाच्या गरम पाण्याने आतून-बाहेरून अनेकदा धुवा, हात लावल्यावर तेलकट लागता कामा नये. चिरीच्या दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरचं भोक पाडायला सांगा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग चिरीवर व्ही आकाराची खाच आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी. दुसऱ्या जातीची काडी वितळून वर बसते, पण आत मिसळत नाही.

तपासायला टाकीची सगळी तोंडं बंद करून ती बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि नळीने तोंडाने हलकेच फुंका. बुडबुडे दिसले तर काम परत. कॉम्प्रेसरची हवा देऊ नका, चांगले सांधेही फुटतील. नंतर टाकी पूर्ण वाळवा. आत टॉवेलचा तुकडा घालून पुसायचा मोह टाळा. आपल्या सोलापुरात टेरी टॉवेलची कापणी (कापून उरलेले तुकडे) गॅरेजमध्ये पोतंभर मिळते आणि बाहेरून पुसायला तिच्यासारखं काही नाही, पण तिचे सुटे धागे टाकीत राहिले की थेट पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतात.

चीर टाकीच्या कानापाशी, म्हणजे बोल्ट बसतो तिथे असेल, तर नुसती चीर बुजवून भागणार नाही. तिथलं रबरी बुश गेलेलं असतं आणि इंजिनाची थरथर सरळ प्लास्टिकवर येते. बुश घाला, बोल्ट बेताने आवळा, नाहीतर शेजारी नवीन चीर जाईल.

टाकी जुनी होऊन पिवळी, ठिसूळ झाली असेल तर वेल्डिंगवर पैसे घालू नका. नवी किंवा चांगली वापरलेली शोधा.

टाकी पत्र्याची असेल तर?

पत्र्याला ब्रेझिंग (पितळेने झाळणं) उत्तम. सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन, झाकण उघडं ठेवूनच आगीजवळ न्या. आत ऑइलचा अंश राहिला तर तापल्यावर वाफ कोंडते. टाकी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोडा वापरू नका, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. तिला टिग वेल्डिंग लागतं. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर जागा घासून, थिनरने पुसून अ‍ॅरल्डाइट किंवा एम-सील काही काळ धरतं. पेट्रोलच्या टाकीत आतून ओततात ते कोटिंग मात्र इथे नको. त्याची खपली सुटली की पंप बंद.

नळी काढून परत जोडली. आता गाडी चालू करू का?

थांबा. या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे. गळती शंभर टक्के बंद झाली आणि नळीत हवा राहिली, तर इंजिन पहिल्याच फेरीत धरू शकतं.

टाकी भरा. पंपाकडची नळी क्षणभर काढून ऑइलची सलग धार येऊ द्या, मग जोडा. पंपावर हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो. खाली फडकं ठेवून तो ढिला करा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ ऑइल. ते आलं की स्क्रू वॉशरसकट बंद करा. याला दोन-चार मिनिटं लागतात, थंडीत जास्त.

पंपाच्या पुढची बारीक नळी अजून कोरडी आहे. म्हणून पेट्रोलच्या टाकीत लिटरला तीस ते चाळीस मिली टू-टी ऑइल मिसळा. गाडी चालू करून संथ ठेवा आणि पंपाची केबल हाताने पूर्ण ओढून धरा, म्हणजे पंप जास्तीत जास्त ऑइल ढकलतो. बारीक नळीतले बुडबुडे सरकत संपेपर्यंत हे चालू द्या. धूर भरपूर होईल, मोकळ्या जागेत करा. शेवटी अ‍ॅक्सिलरेटरची केबल जोडल्यावर पंपाच्या पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी जुळते का बघा. ती पहिली मिसळलेली टाकी संपेपर्यंत गाडी जोरात पळवू नका.

तुळजापूरला जाताना रस्त्यातच टाकी गळायला लागली. परत कसं यायचं?

इथून तुळजापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर आहे, तेवढं अंतर सहज काढता येतं. पेट्रोल पंपावरून टू-टीची बाटली घ्या आणि पेट्रोलमध्येच लिटरला चाळीस मिलीच्या हिशोबाने मिसळा, गाडी हलवून नीट मिसळू द्या. मग टाकीतलं सगळं ऑइल वाहून गेलं तरी पिस्टनला वंगण मिळत राहतं. पेट्रोलच्या टाकीला साबण चोळून गळती थांबवतात, ती युक्ती इथे लागू होत नाही, ऑइलने माखलेल्या प्लास्टिकवर साबण धरत नाही. नळी निपलजवळ फुटली असेल तर टोक अर्धा इंच कापून परत चढवा. टू-टीची बाटली टूलच्या कप्प्यात कायम असू द्या.

मग पंप काढूनच टाकू आणि कायम पेट्रोलमध्ये मिसळू?

बरेच जण तसं करतात. मला पटत नाही. पंप इंजिनच्या फेऱ्या आणि अ‍ॅक्सिलरेटरची ग्रिप दोन्ही बघून ऑइल देतो. गाडी सिग्नलला उभी असताना अगदी थोडं, चढावर भरपूर. मिसळलेल्या पेट्रोलात प्रमाण एकच राहतं, त्यामुळे शहरात प्लग वारंवार काळा होतो आणि धूरही वाढतो. पंप खरंच झिजला असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तरच हा मार्ग घ्या.

माझी कास्ट आयर्न बुलेट आहे. उभ्या उभ्या ऑइल कमी दिसतं, ही पण टाकीची गळती का?

बहुतेक नाही. तुमच्या गाडीची ऑइल टाकी वेगळी नसून क्रँककेसमध्येच एक कप्पा असतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल फीड पंपातून झिरपून क्रँकच्या खोलीत जमतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस अर्धा लिटर वरून घालतो, आणि गाडी चालू केली की ते सगळं ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून मागे उडतं. म्हणून आधी गाडी काही मिनिटं चालवा, मग पातळी बघा. तेव्हाही कमी असेल आणि खाली डाग असेल, तर खऱ्या गळतीचा शोध घ्या.

गळलेलं ऑइल मागच्या टायरवर आलं आहे. पुसून चालवू का?

पुसून पुरत नाही. टायर साबण आणि ब्रशने घासून धुवा, कोरडा करा आणि पहिले काही किलोमीटर वळणावर गाडी कलती करू नका. ब्रेक ड्रममध्ये ऑइल गेल्याची शंका असेल तर चाक काढून बघा. ब्रेक शूला ऑइल लागलं तर तो बदला. गळती दुरुस्त होईपर्यंत मागे कुणाला बसवू नका.

दुरुस्तीत निघालेलं ऑइल काय करायचं?

स्वच्छ भांड्यात धरलेलं टू-टी ऑइल बारीक जाळीतून गाळून परत वापरता येतं. धूळ पडलेलं किंवा पाण्याने दुधाळ झालेलं परत टाकीत घालू नका. ते गटारात किंवा मातीतही ओतू नका, गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या.

काम झाल्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं?

पहिला आठवडा रोज सकाळी. टाकीवरची चिकटपट्टी तशीच ठेवा, पावडर पुन्हा एकदा भुरभुरा. एकदा उन्हात उभी करून आणि एकदा पंढरपूरसारखी लांब फेरी मारून आल्यावर तपासा, कारण काही जोड तापल्यावरच पाझरतात. तिथेही कोरडं निघालं तर पॅनेल लावून टाका, आणि यापुढे दर वेळी पेट्रोल भरताना ऑइलची पातळीही बघत जा.